मावशीसाठी दुभाषी शोधताना

इस्रायलमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीला, जोडीदाराच्या बर्लिनमधल्या घराच्या वारशासाठी, इथल्या नोटरींसमोर दस्त करायचा होता. मावशीला जर्मन येत नाही आणि बर्लिनच्या नोटरींना हिब्रू येत नाही. मला जर्मन येतं, आणि मावशीशी मी जन्मापासून मराठीत बोलत आले आहे. म्हणून २०२३च्या फेब्रुवारीत नोटरींच्या ऑफिसात फोन केला तेव्हा मी अगदी सहज सांगून टाकलं, "दुभाष्याची गरज नाही, मी आहे ना." पलीकडच्या बाईंनी विचारलं, नातं काय? सख्खी भाची, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तर तुम्ही अजिबात चालणार नाही. दस्त तुमच्या मावशीच्या फायद्याचा आहे, आणि इतक्या जवळच्या नात्यातला माणूस दुभाषी म्हणून बसला तर तो दस्तच अडचणीत येतो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की जर्मनीतला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर झाडाखाली शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे. तो कायद्याचं पूर्ण शिक्षण घेतलेला, सरकारने नेमलेला माणूस असतो. दस्त तो स्वतः समोर बसून मोठ्याने वाचतो, शब्दन्‌शब्द, आणि ऐकणाऱ्याला तो समजला आहे याची जबाबदारी त्याच्यावर असते. समोरच्या माणसाला पुरेसं जर्मन येत नसेल तर तशी नोंद दस्तातच करावी लागते आणि तोंडी भाषांतर करून द्यावं लागतं. त्या नकाराचा मला राग आला होता, पण पुढे काय झालं ते पाहिल्यावर वाटतं की त्या बाईंनी आमच्यावर उपकारच केले.

आता मावशीबद्दल. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आडनाव नवगावकर. अलिबागजवळचं नवगाव, जिथे आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं मानतात, तेच ते. मावशी रेवदंड्यात वाढली, लग्न करून १९७१मध्ये नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. तो संसार टिकला नाही. रीतसर घटस्फोट झाला, तिने माहेरचं आडनाव परत घेतलं, आणि काही वर्षांनी तिला काका भेटले. काकांचे आईवडील १९३६मध्ये बर्लिन सोडून पळालेले. काका जन्मले इस्रायलकडेच, पण घरात जर्मन बोलतच मोठे झाले. आम्ही भाचरं त्यांना काकाच म्हणायचो. इस्रायलमधल्या अश्दोदच्या घरात दोघं सव्वीस वर्षं राहिले. लग्न मात्र झालं नाही, होऊ शकलं नाही. काका कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या घराण्यातले, आणि कोहेनला घटस्फोटित बाईशी लग्न करायला धर्मशास्त्राची बंदी. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न रब्बींच्या कचेरीतूनच लागतं. पुष्कळ जोडपी सायप्रसला जाऊन नोंदणी लग्न करून येतात. काकांना ते पटत नसे. आपल्या देशात आपलं लग्न लागत नसेल तर दुसऱ्याच्या दारात जाऊन लावायचं नाही, असं ते म्हणायचे.

काका गेले २०२२मध्ये. त्यांना मूलबाळ नाही, भावंडं नाहीत. इस्रायलच्या १९६५च्या वारसा कायद्यात सोय आहे: स्त्रीपुरुष एका घरात कुटुंब म्हणून राहत असतील, आणि मृत्यूच्या वेळी दोघांपैकी कोणीही दुसऱ्या कोणाशी लग्नाने बांधलेलं नसेल, तर एक गेल्यावर दुसऱ्याला जोडीदारासारखाच वारसा मिळतो. तिथला वारसा आदेश, ‘त्साव येरुशा’, मावशीच्या नावाने निघाला. पण काकांनी नव्वदच्या दशकात बर्लिनमध्ये दोन खोल्यांचं घर घेऊन ठेवलं होतं. त्यांच्या आईचं बालपण त्या भागात गेलं होतं म्हणून. त्या घरासाठी इस्रायलचा आदेश पुरत नाही. इथल्या जमीन नोंदणी कार्यालयाला जर्मन वारसा दाखलाच लागतो, त्याला ‘एर्बशाइन’ म्हणतात. दाखला जर्मन कोर्टाचा, पण वारस कोण हे ठरवायचं इस्रायलच्या कायद्याने, कारण १७ ऑगस्ट २०१५पासूनच्या मृत्यूंसाठी युरोपीय नियम असा आहे की माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला कायदा लागतो. अर्जासोबत वारसाने नोटरीसमोर किंवा कोर्टात शपथेवर निवेदन द्यायचं. तेल अवीवच्या जर्मन दूतावासातही ते होऊ शकलं असतं, पण काकांचं सामान स्वतःच्या हाताने आवरायचं म्हणून मावशी इकडे यायचं म्हणत होती.

म्हणजे दुभाषी लागणार. पण कोणत्या भाषेचा? मला वाटलं, मराठीचा. मी मावशीला तसं फोनवर म्हटलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, त्या नोटरीसमोर मला विचारतील, हा माणूस तुमचा कोण. मराठीत मी काय सांगू? मराठीत या नात्याला जो शब्द आहे तो मला माहीत आहे. रेवदंड्यात तो शब्द माझ्या पाठीमागे बोललेला मी ऐकलेला आहे. हिब्रूत माझ्यासाठी कायद्याचा शब्द आहे. मी हिब्रूतच बोलणार."

तो शब्द ‘येदुआ बात्सिबूर’. अक्षरशः अर्थ, लोकांना ठाऊक असलेली. म्हणजे चारचौघांत जिला त्याची जोडीदार म्हणून सगळे ओळखतात ती. इस्रायलमध्ये हे शब्द रोजच्या बोलण्यातही आहेत आणि कोर्टाच्या कागदातही, आणि त्यात कमीपणा नाही. मराठीत मला दुसरा शब्द सुचवता आला नाही. तिथून पुढे मी हिब्रूचाच दुभाषी शोधायला लागले.

पहिली चूक घाईत झाली. इंटरनेटवर एका भाषांतर कंपनीने ‘प्रमाणित’ भाषांतर तीन दिवसांत देऊ असं म्हटलं होतं. मी वारसा आदेश पाठवून दिला. आलेल्या जर्मन कागदावर कंपनीचा झकास शिक्का होता, पण भाषांतर करणाऱ्याचं नाव नव्हतं, सही नव्हती, कोणत्या कोर्टासमोर शपथ घेतली तेही नव्हतं. तो कागद कोर्टात चालला नसताच. पण आत जे लिहिलं होतं ते जास्त वाईट होतं. नवगावकरचं ‘नाबगाऊकर’ झालं होतं. हिब्रूत ब आणि व यांना एकच अक्षर आहे आणि स्वर सहसा लिहीतच नाहीत, त्यामुळे ज्याला आमचं आडनाव माहीत नाही त्याचं असं होणारच. पण मावशीच्या पासपोर्टवर तेच नाव रोमन लिपीत छापलेलं आहे, ते बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि ‘येदुआ बात्सिबूर’चं त्यांनी केलं होतं, ‘सार्वजनिक जीवनात प्रसिद्ध असलेली’. माझी मावशी, जिने चाळीस वर्षं एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम केलं, ती कोणी नटी किंवा पुढारी असावी असं ते वाक्य. वाचणाऱ्या कोर्टाला यातून कळलं काय असतं? वारसाचा हक्क ज्या एका शब्दावर उभा आहे तोच शब्द कागदातून गायब झाला होता. मी तो कागद नोटरींकडे पाठवलाच नाही.

मग एका सहकाऱ्याने सांगितलं की जर्मनीतल्या सगळ्या राज्यांच्या न्याय खात्यांची मिळून शपथबद्ध दुभाष्यांची एक यादी आहे, ती कोणालाही फुकट पाहता येते. भाषा निवडायची, गाव निवडायचं. तिथे आणखी एक निवड करावी लागते आणि तिथेच मला पहिल्यांदा नीट कळलं की ‘डोल्मेचर’ वेगळा आणि ‘युबरझेत्सर’ वेगळा. पहिला तोंडी बोलणं पोचवतो, दुसरा कागद भाषांतरित करून शेवटी ‘पूर्ण आणि बरोबर’ असं लिहून सही-शिक्का करतो. काहींकडे दोन्ही अधिकार असतात, काहींकडे एकच. मला दोन्ही करणारं माणूस हवं होतं. तोच माणूस आधी कागद वाचून मग खोलीत बसला तर शब्द बदलणार नाहीत, असं मला वाटलं, आणि ते बरोबर निघालं.

यादीतून मी सहा जणांना फोन केले. एकांनी आता काम सोडलं होतं. दोघं फक्त कागदाची कामं घेत होते. एक बाई पोलीस आणि कोर्टाच्या कामांत जूनपर्यंत अडकलेल्या. एकांनी फोनवरच भाव सांगितला आणि कागद काय आहेत ते विचारलंसुद्धा नाही, तेव्हा मीच मागे सरले. मार्च संपत आलेला, पुढे एप्रिलच्या पाच तारखेपासून पेसाख, ज्यूंचा वल्हांडण सण, म्हणजे तो आठवडा कोणीही मिळणार नव्हतं आणि मावशीही घरातून हलणार नव्हती.

सहाव्या फोनवर त्या भेटल्या. हैफाच्या, साठीच्या आसपास, बर्लिनमध्ये वीस वर्षांपासून. मी काही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं: दस्त कसला, कायदा कुठला लागणार, आणि खोलीत कोण कोण असणार. मी ‘येदुआ बात्सिबूर’ म्हटलं आणि त्यांनी एक सुस्कारा टाकला. म्हणाल्या, "याला जर्मनमध्ये शब्द नाही. लेबन्सगेफेर्टिन म्हणता येईल, आयुष्याची सोबतीण. पण जर्मन कायद्यात आयुष्याच्या सोबतिणीला मृत्युपत्राशिवाय काहीच वारसा मिळत नाही. तो शब्द मी एकटा ठेवला तर नोटरी वाचतील आणि विचारतील, मग ही बाई इथे आली कशाला? मी हिब्रू शब्द तसाच ठेवीन आणि कंसात त्याचा अर्थ लिहीन. पण मी वकील नाही. तिला हक्क आहे की नाही ते नोटरी आणि कोर्ट बघतील. शब्दात जे आहे तेवढं सगळं मी पलीकडे पोचवीन."

त्या क्षणी मला कळलं की माणूस मिळालं.

त्यांच्या अटी साध्या होत्या. सगळे कागद आठवडाभर आधी हवेत, नोटरींचा मसुदासुद्धा. वारसा आदेशावर इस्रायलमधून आपोस्तीय शिक्का, म्हणजे कागद खरा सरकारी असल्याची परदेशासाठीची खूण, आधी मारून आणायचा आणि मग भाषांतर, कारण त्या शिक्क्याच्या कागदाचंही भाषांतर लागतं. मी उलट क्रमाने निघाले होते. हे त्यांनी सांगितलं नसतं तर एक फेरी आणि एक महिना फुकट गेला असता. आणि मावशीशी फोनवर दहा मिनिटं बोलायचं होतं. कशाबद्दल, मी विचारलं. "प्रकरणाबद्दल नाही. ती कशी बोलते ते ऐकायचंय."

ते बोलणं मी ऐकलं नाही, पण नंतर बाईंनी मला सांगितलं, "तुमची मावशी हिब्रू उत्तम बोलते. पण मन भरून आलं की ती तुमच्या भाषेत जाते, तिला स्वतःला कळतही नाही. तसं नोटरींसमोर झालं तर मी थांबेन. मला ती भाषा येत नाही. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही, कितीही वाटलं तरी." मी कबूल केलं.

पैशांचंही सांगते. कोर्ट स्वतः दुभाष्याला बोलावतं तेव्हा त्याला कायद्याने ठरलेला दर मिळतो, त्या वेळी तो तासाला ८५ युरो होता. कागदाचं भाषांतर ओळीवर मोजतात, आणि ओळ म्हणजे ५५ अक्षरं, मोकळ्या जागा धरून. खाजगी कामात दर आपसात ठरतो आणि खर्च आपणच करायचा. बाईंनी कोर्टाच्याच दराने काम केलं, येण्याजाण्याचा वेळ धरून. त्या कंपनीने न चालणाऱ्या कागदाचे घेतले होते त्यापेक्षा यांच्या चालणाऱ्या कागदाचे पैसे थोडे कमीच झाले.

मे महिन्याच्या मध्यावर मावशी आली. नोटरींची वेळ गुरुवारी सकाळी दहाची. लांब टेबल, एका बाजूला नोटरी, समोर मावशी, तिच्या डाव्या हाताला दुभाषी बाई. मला भिंतीपाशी खुर्ची दिली. बाईंनी आधी ओळखपत्र दाखवलं आणि आपण घेतलेल्या सर्वसाधारण शपथेचा हवाला दिला: निष्ठेने आणि सचोटीने भाषांतर करीन. ती शपथ घेतलेली नसती तर नोटरींनी तिथेच घ्यायला लावली असती. मग नोटरींनी मावशीला विचारलं, लेखी भाषांतर हवं का, तो तुमचा हक्क आहे. मावशी म्हणाली, कानांनी ऐकते ते पुरे.

नोटरी वाचायला लागले. भराभर, एका सुरात. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी बाईंनी तळहात टेबलापासून दोन बोटं वर उचलला. नोटरी थांबले. बाईंनी वहीत काढलेल्या खुणा बघत हिब्रूत सांगितलं, मावशीने मान हलवली, हात खाली गेला, नोटरी पुढे. तासभर तो हात तसाच वर-खाली होत राहिला. मावशी नोटरींकडे बघत नव्हती, बाईंकडेही नाही. त्या हाताकडे बघत होती.

तो शब्द आला तेव्हा बाईंनी नोटरींना थांबवलं आणि मसुद्यातल्या एका ओळीकडे बोट दाखवलं. नोटरींच्या ऑफिसने मसुदा करताना कंसातला अर्थ गाळून नुसतं ‘लेबन्सगेफेर्टिन’ ठेवलं होतं. बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, "हे मी हिब्रूत परत नेलं तर तो शब्द होत नाही. मूळ आदेशात जो शब्द आहे तो हा नाही." नोटरींनी चष्मा काढला, मूळ आदेशाचं भाषांतर पुढे ओढलं, वाचलं. सेक्रेटरीला बोलावून ओळ बदलून घेतली. पान पुन्हा छापून आलं आणि तो परिच्छेद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझ्या हातांना घाम आला होता. मी दुभाषी असते तर ती ओळ ऐकून पुढे गेले असते. मला तो फरक कळलाच नसता.

मग नोटरींनी दस्तात नसलेला एक प्रश्न विचारला: मृत्यूच्या वेळेपर्यंत तुमचं घर एकच होतं ना, मधे कधी वेगळे राहिलात का? बाईंनी हिब्रूत विचारलं. मावशी बोलायला लागली हिब्रूतच, हॉस्पिटलबद्दल, शेवटच्या तीन आठवड्यांबद्दल, आणि बोलता बोलता म्हणाली, "रात्री मी खुर्चीत बसायची आणि ते म्हणायचे, तू घरी जा गं, आणि मी म्हणायची, घर इथंच आहे." मराठीत.

खोली गप्प झाली. नोटरी बाईंकडे बघत होते. मी ओठ दाताखाली धरले. बाई शांतपणे जर्मनमध्ये म्हणाल्या, "आता त्या एका भाषेत बोलल्या जी मी भाषांतर करत नाही. मी त्यांना ते हिब्रूत पुन्हा सांगायची विनंती करते." मग मावशीकडे वळून, हळू आवाजात, हिब्रूत. मावशीने पदर सारखा केल्यासारखा गळ्यातला रुमाल सारखा केला आणि तेच वाक्य हिब्रूत सांगितलं. बाईंनी ते जर्मनमध्ये सांगितलं, पहिल्या पुरुषात, ‘मी’ म्हणून, जसं दुभाष्याने सांगायचं असतं. "घर इथंच आहे, मी म्हणायची." नोटरींनी वेगळे राहिलो नाही एवढीच नोंद केली. पण वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

सह्या झाल्या. मावशीची हिब्रूत, उजवीकडून डावीकडे. मग दुभाषी बाईंची, मग नोटरींची. मावशीने बाईंचे दोन्ही हात धरले आणि रेवदंड्याच्या बायका धरतात तसे काही वेळ सोडलेच नाहीत.

अर्ज बर्लिनच्या श्योनेबर्ग कोर्टाकडे गेला. मृत माणूस जर्मनीत कधीच राहिला नव्हता पण मालमत्ता जर्मनीत आहे अशी प्रकरणं तिथे जातात. कोर्टाने सप्टेंबरमध्ये एक प्रश्न विचारला, इस्रायलच्या कायद्यातलं ते कलम जर्मनमध्ये हवं होतं. त्याच बाईंनी ते करून दिलं. दाखला डिसेंबरमध्ये आला.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं. आम्ही काकांच्या घरात होतो, खोकी अर्धी भरलेली. मावशीने दस्ताची प्रत काढली आणि म्हणाली, "तू आता मला मराठीत वाचून दाखव." मी वाचायला लागले. जन्मतारखा, पत्ते, घराचा नोंदणी क्रमांक, सगळं मराठीत करत गेले. त्या ओळीपाशी आल्यावर अडले. पुढचा शब्द मला सापडेना.

"तो तसाच वाच," मावशी म्हणाली. मी तो तसाच वाचला.